मालावरील हिरवीं अक्षरें व त्यांचा खरा अर्थ

खरिपाचा हंगाम तोंडाशीं आला म्हणजे मूल येथील कृषि-केंद्रांच्या फळ्या नव्या मालानें भरून जातात. त्या मालाकडे क्षणभर थांबून पाहिल्यास एक गोष्ट कोणाच्याही ध्यानांत यावी. डब्यांवर, बाटल्यांवर व पिशव्यांवर जिकडे तिकडे हिरवें पान, नुकताच फुटलेला कोंब, पाण्याचा थेंब अशीं चित्रें असतात. आणि त्यांच्या जोडीला ‘पर्यावरणपूरक’, ‘निसर्गस्नेही’, ‘जैविक’, ‘विषमुक्त’, ‘ईको’, ‘बायो’ असे शब्द मोठ्या अक्षरांत छापलेले असतात. किराणा दुकानांतही हाच प्रकार आहे. साबण, भांडीं घासण्याची पूड, चहा, तांदूळ, पत्रावळी, वह्या, कशावरही हिरवें अक्षर नाहीं अशी वस्तु आतां शोधावी लागते.

या शब्दांचा अर्थ काय, त्यांपैकीं कोणता शब्द कायद्यानें बांधलेला आहे व कोणता केवळ विकणाराच्या मर्जीचा आहे, हें समजून घेणें शेतकऱ्यास अगत्याचें झालें आहे. कारण या बाबतींत तो दुहेरी नात्यानें गुंतलेला आहे. तो असा माल विकत घेतो. आणि आपला माल विकतांना असेच शब्द वापरण्याचा मोहही त्यास होतो.

गेल्या हंगामांत आमच्या परिचयाचे एक शेतकरी आमच्याकडे आले. त्यांच्या धानाच्या बांध्या एका बोडीच्या वरच्या अंगास आहेत. त्यांनीं थैलींतून चार वस्तु काढून आमच्यापुढें मांडल्या. पहिली, हिरव्या रंगाची खूण असलेली कीटकनाशकाची बाटली. दुसरी, निंबोळीचें चित्र असलेली बाटली. तिसरी, ‘संपूर्ण जैविक’ असें लिहिलेल्या एका औषधाची बाटली. आणि चौथी, पांच किलो तांदळाची कोरी पिशवी. या पिशवीवर ‘१०० टक्के सेंद्रिय, पर्यावरणपूरक तांदूळ’ असें छापून घेऊन तो एका दुकानदारामार्फत नागपुरास विकावा, असा त्यांचा बेत होता. ते म्हणाले, “पहिल्या तिन्हींवर हिरवें लिहिलेलें आहे. युरिया घातला तोही निंबोळीचाच. दुसरें कांहीं मीं बांधींत घातलें नाहीं. मग चौथीवर हिरवें लिहिलें तर चुकलें कोठें?”

प्रश्न सरळ होता. उत्तर मात्र एका वाक्यांत देण्याजोगें नव्हतें. त्यांस जें सांगितलें तेंच येथें क्रमानें देतों.

हिरव्या खुणेचा अर्थ

कीटकनाशकें, बुरशीनाशकें व तणनाशकें यांस १९६८ चा कीटकनाशक कायदा व त्याखालील १९७१ चे नियम लागू आहेत. या नियमांप्रमाणें प्रत्येक वेष्टनावर कोनावर उभा केलेला एक चौकोन छापावा लागतो. आडव्या रेषेनें त्याचे दोन त्रिकोण होतात. वरच्या त्रिकोणांत इशाऱ्याचा शब्द असतो व खालच्या त्रिकोणांत रंग भरलेला असतो. रंग चार आहेत. तांबडा म्हणजे अत्यंत विषारी, पिवळा म्हणजे फार विषारी, निळा म्हणजे मध्यम विषारी आणि हिरवा म्हणजे किंचित विषारी. तांबड्या खुणेवर कवटी व हाडें यांचें चित्रही असतें.

हे वर्ग कसे ठरवितात, हें पाहिलें म्हणजे रंगाचा अर्थ उलगडतो. चाचणीसाठीं घेतलेल्या प्राण्यांस, सामान्यतः उंदरांस, औषध पोटांतून देतात. ज्या मात्रेनें त्यांतील निम्मे प्राणी मरतात, ती मात्रा शरीराच्या दर किलो वजनास किती मिलिग्रॅम पडली हें मोजतात. ती १ ते ५० असल्यास तांबडा रंग, ५१ ते ५०० असल्यास पिवळा, ५०१ ते ५००० असल्यास निळा आणि ५००० हून अधिक असल्यास हिरवा. त्वचेवाटे होणाऱ्या बाधेसाठींही असेंच निराळें माप आहे. तेव्हां हिरवा रंग ‘हें विष नव्हे’ असें सांगत नाहीं. चार विषांपैकीं हें विष उंदरास सर्वांत कमी बाधलें, एवढेंच तो सांगतो.

आतां हा रंग काय सांगत नाहीं तें पाहूं. मासे, झिंगे, मधमाशा, गांडुळें यांवर औषधाचा काय परिणाम होतो, याच्याशीं या रंगाचा कांहींएक संबंध नाहीं. पाण्यांत वा मातींत तें किती दिवस टिकतें, हेंही रंगावरून कळत नाहीं. थोडें थोडें विष वर्षानुवर्षें अंगांत गेल्यास काय होतें, याचेंही उत्तर त्यांत नाहीं. एक उदाहरण घेऊं. धानावरील खोडकिड्यासाठीं क्लोरॅंट्रानिलिप्रोल नांवाचें द्रव्य वापरतात. तें हिरव्या वर्गांतील आहे. उंदरांतील त्याची घातक मात्रा ५००० मिलिग्रॅमच्याही पलीकडे आहे. परंतु पाण्यांत राहणारा डॅफ्निया नांवाचा एक बारीक जीव, जो माशांच्या पिलांचें खाद्य होय, त्यास लिटरभर पाण्यांत मिलिग्रॅमचा शंभरावा हिस्सा इतकेंच हें द्रव्य असलें तरी तें निकामी करतें. एकच औषध उंदरास जवळजवळ निरुपद्रवी व पाण्यांतील जिवास घातक असूं शकतें. बाटलीवरील रंग उंदराचा आहे, बोडीचा नव्हे.

आमच्या भागांत हा भेद केवळ पुस्तकी नाहीं. चंद्रपूर व गडचिरोली जिल्ह्यांतील धानाची शेती बोड्या व मालगुजारी तलाव यांच्या आधारानें वाढलेली आहे. वरच्या बांधींतलें पाणी खालच्या बांधींत, तेथून नाल्यांत व नाल्यांतून तलावांत उतरतें. त्याच तलावांत ढीवर बांधवांचीं जाळीं पडतात व त्याच पाण्यावर गुरें येतात. आम्हीं विचारतां त्या गृहस्थांनीं सांगितलें कीं, हिरवी खूण पाहून आपण निर्धास्त झालों. फवारणाऱ्या मजुरास तोंडास फडकें बांधण्याचाही आग्रह धरला नाहीं. आणि पाऊस जास्त झाला म्हणून दुसऱ्याच दिवशीं धुरा फोडून पाणी बोडींत सोडलें. बाटलीबरोबर जें घडीचें पत्रक येतें तें त्यांनीं उलगडलेंच नव्हतें. मासे व जलचर यांना जपण्याची सूचना बहुधा तेथेंच, बारीक अक्षरांत, असते.

रंगावर विसंबून सावधगिरी सोडण्याचें फळ किती भयंकर असतें, हें आपल्या शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यानें पाहिलें आहे. २०१७ च्या खरिपांत तेथें कपाशीवर फवारणी करतांना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी व मजूर दगावले. उंच वाढलेलें पीक, निरनिराळ्या औषधांचें एकत्र केलेलें मिश्रण आणि हातमोजे व मुखवटा यांचा अभाव अशीं अनेक कारणें त्या वेळीं पुढें आलीं. दोन औषधें एका पंपांत मिसळलीं म्हणजे दोहोंपैकीं कोणत्याही बाटलीवरचा रंग त्या मिश्रणास लागू राहत नाहीं, ही गोष्ट प्रत्येकानें मनावर ठसवून घ्यावी.

निंबोळीचें चित्र

दुसऱ्या बाटलीवर निंबोळीचें चित्र होतें. निंबोळींतील किडीस आवरणारें मुख्य द्रव्य ॲझाडिरॅक्टिन हें होय, आणि त्याचीं कीटकनाशकेंही वर सांगितलेल्या कायद्याखालींच नोंदवावीं लागतात. बाजारांत त्याच्या निरनिराळ्या ताकदी मिळतात. बाटलीवर ३०० पीपीएम असल्यास ०.०३ टक्के, १५०० असल्यास ०.१५ टक्के व १०,००० असल्यास १ टक्का द्रव्य आंत आहे असें समजावें. चित्र तिन्हींवर सारखेंच असतें. तेव्हां पहिलीचा भाव तिसरीशीं ताडून ‘ही स्वस्त आहे’ असें म्हणणें म्हणजे ताकाचा भाव लोण्याशीं ताडण्यासारखें आहे. ज्या बाटलीवर निंबोळी आहे पण हा आंकडा नाहीं, ती बाटली केवळ चित्र विकत आहे. शिवाय हें द्रव्य उन्हांत लवकर नाश पावतें. म्हणून तें सायंकाळीं फवारावें. चांगला माल भर दुपारीं फवारून मग निंबोळीला दोष देण्यांत अर्थ नाहीं.

युरियाच्या गोणीवर जें निंबाचें नांव असतें त्याचा अर्थ याहून निराळा आहे. २०१५ पासून देशांत तयार होणाऱ्या सर्व युरियास निंबाच्या तेलाचा थर देणें सरकारनें सक्तीचें केलें आहे. त्या थरामुळें नत्र सावकाश सुटतें व त्याचा अपव्यय कमी होतो. तसेंच तो युरिया शेतीबाहेरच्या कारखान्यांत वळविणें अवघड होतें. लाभ खरा आहे. पण आंतील खत ४६ टक्के नत्राचें रासायनिक खतच असतें. निंबाचा हात फिरल्यानें युरिया सेंद्रिय होत नाहीं, आणि सेंद्रिय शेतीच्या नियमांत त्यास स्थान नाहीं.

‘जैविक’ हा शब्द

तिसऱ्या बाटलीनें आम्हांस अधिक विचार करावयास लावलें. ‘जैविक’ हा शब्द बाजारांत दोन अर्थांनीं फिरतो. एका अर्थीं ज्यांत जिवंत सूक्ष्म जीव आहेत तो माल, जसें ट्रायकोडर्मा ही बुरशी किंवा ॲझोस्पिरिलमसारखे जीवाणू. दुसऱ्या अर्थीं सेंद्रिय. विकणारा एका अर्थानें बोलतो व घेणारा दुसऱ्या अर्थानें ऐकतो.

जिवंत जिवांच्या मालाची पारख आंकड्यानें होते. जीवाणु-खतें ही खत-नियंत्रण आदेशाखालीं येतात. भुकटीच्या रूपांतील ॲझोस्पिरिलम, ॲझोटोबॅक्टर वा स्फुरद विरघळविणारे जीवाणू असल्यास दर ग्रॅममध्यें निदान पांच कोटी, व पातळ रूपांत असल्यास दर मिलिलिटरमध्यें निदान दहा कोटी जिवंत जीवाणू असले पाहिजेत, असें त्यांत ठरवून दिलेलें आहे. हा आंकडा व मुदतीची तारीख हीं दोन्हीं वेष्टनावर शोधावीं. आमच्या जिल्ह्यांत वैशाखांत पारा ४५ अंशांच्या पलीकडे जातो. पत्र्याच्या छपराखालीं तापलेल्या बाटलींत तारीख शिल्लक असली तरी जीव शिल्लक असेलच असें नाहीं. म्हणून दुकानदारानें माल कोठें ठेवला होता हेंही विचारावें.

पिकाची वाढ सुधारणारीं जीं ‘टॉनिकें’ विकलीं जातात त्यांसही २०२१ सालीं ‘जैव-उत्तेजकें’ या नांवानें याच आदेशाखालीं आणण्यांत आलें. त्यांत कीटकनाशकाचा अंश ०.०१ पीपीएमहून अधिक असतां कामा नये, अशी अट आहे.

त्या तिसऱ्या बाटलीवर तुडतुड्यांचा तीन दिवसांत नायनाट होईल असें लिहिलें होतें. मात्र तिच्यावर नोंदणी-क्रमांक नव्हता, आंत कोणतें द्रव्य किती टक्के आहे हें नव्हतें, परवान्याचा क्रमांक नव्हता, घट क्रमांकही नव्हता. येथें एक साधा नियम लक्षांत ठेवावा. जें औषध कीड मारण्याचा दावा करतें, तें पाल्याचें असो, बुरशीचें असो वा कारखान्यांतील रसायनाचें असो, कायद्याच्या दृष्टीनें कीटकनाशकच होय. आणि नोंदणी नसेल तर तें विकणें गुन्हा होय. आंत काय आहे तें सांगावयाचें नाहीं आणि कीड मात्र झटपट मारून दाखवावयाची, अशा बाटलींत छुपें रसायन असण्याचा संशय घेण्यास पूर्ण जागा आहे. अशा मालानें दुहेरी नुकसान होतें. फवारणाऱ्यास आपण काय हाताळतों हें कळत नाहीं, बाधा झाल्यास डॉक्टरास उतारा ठरवितां येत नाहीं. आणि शेतकऱ्यानें प्रामाणिकपणें ‘सेंद्रिय’ म्हणून विकलेल्या धान्यांत प्रयोगशाळेस कीटकनाशकाचा अंश सांपडतो. अशी बाटली दिसल्यास बिलासह तालुका कृषि अधिकाऱ्याकडे न्यावी. नमुना घेऊन तपासणी करण्याचा अधिकार गुणनियंत्रण निरीक्षकांस आहे.

पत्रावळ, पिशवी व बांबू

चौथ्या वस्तूकडे वळण्यापूर्वीं घरांत येणाऱ्या मालाविषयीं थोडें सांगणें जरूर आहे. कारण तेथेंही शब्दांची हीच गत आहे.

लग्नकार्यांत हल्लीं ‘कुजणारें’ म्हणून प्लॅस्टिकसारखें ताट व पेले येतात. त्यांचें प्रमाण असें आहे कीं, सुमारें ५८ अंश उष्णतेच्या नियंत्रित भट्टींत खत करतांना १८० दिवसांत त्यांतील ९० टक्के भाग कुजला पाहिजे. एवढी एकसारखी उष्णता आपल्या उकिरड्यांत महिनोन्‌महिने राहत नाहीं, बोडीच्या कांठीं तर नाहींच. म्हणूनच २०२४ सालीं प्लॅस्टिक-कचऱ्याच्या नियमांत दुरुस्ती करून, असा माल केवळ औद्योगिक खतनिर्मितींतच कुजतो हें वेष्टनावर सांगणें बंधनकारक केलें गेलें. पळसाच्या पानांची आपली पत्रावळ कांहींएक न छापतां उकिरड्यांत माती होऊन जाते, हें या संदर्भांत आठवावें.

प्लॅस्टिकच्या डब्याच्या तळाशीं बाणांचा त्रिकोण व त्यांत १ ते ७ पैकीं एक आंकडा असतो. तो पाहून हा डबा पुन्हां वितळवून वापरला जातो असें कित्येक समजतात. वस्तुतः तो आंकडा प्लॅस्टिकची जात सांगतो. २ म्हणजे घट्ट पॉलिथीन, ५ म्हणजे पॉलिप्रॉपिलीन. गांवांत तो डबा गोळा करणारा कोणी नसेल तर त्या बाणांचा उपयोग शून्य आहे.

बांबू हा आमच्या जिल्ह्यांचा स्वतःचा माल. चंद्रपूरहून मूलकडे येतांना लागणाऱ्या चिचपल्ली येथें बांबू संशोधन व प्रशिक्षण केंद्रही आहे. तेव्हां ‘बांबूचा, संपूर्ण निसर्गस्नेही’ असें लिहिलेला दांत घासण्याचा ब्रश पाहून आम्हांस आनंदच होतो. पण त्याचे केस बहुधा नायलॉनचे असतात. दावा दांड्याचा असतो, आणि वाचणारा तो सबंध ब्रशाचा समजतो. एका भागाविषयींचें खरें वाक्य सबंध वस्तूवर पसरविणें, ही अशा लिखाणाची नेहमींची रीत आहे.

कायद्याचें पाठबळ

अशा लिखाणास आतां कायद्याचा लगाम आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखालीं केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानें ऑक्टोबर २०२४ मध्यें पर्यावरणविषयक फसव्या दाव्यांसंबंधीं मार्गदर्शक तत्त्वें प्रसिद्ध केलीं. त्यांप्रमाणें ‘हिरवें’, ‘पर्यावरणपूरक’, ‘नैसर्गिक’, ‘सेंद्रिय’ यांसारखे मोघम शब्द नुसते वापरतां येत नाहींत; त्यांबरोबर खुलासा व पुरावा द्यावा लागतो. दावा सबंध मालाचा आहे, त्याच्या एका भागाचा आहे, कीं केवळ वेष्टनाचा आहे, हेंही सांगावें लागतें. ‘पूर्वींपेक्षां कमी’ असें म्हटल्यास कशाच्या तुलनेनें कमी, तें दाखवावें लागतें. ‘कुजणारें’, ‘बिनविषारी’, ‘अमुक द्रव्यापासून मुक्त’ अशा नेमक्या दाव्यांस विश्वसनीय प्रमाणपत्र वा शास्त्रीय आधार असावा लागतो. फसव्या जाहिरातीबद्दल उत्पादकास १० लाख रुपयांपर्यंत व पुन्हां तोच गुन्हा केल्यास ५० लाखांपर्यंत दंड होऊं शकतो.

सरकारची स्वतःची एक खूणही आहे. ‘ईकोमार्क’ या नांवाची ही योजना १९९१ सालीं निघाली व तिची खूण मातीचें मडकें ही ठरली. तीस फारसे उत्पादक लाभले नाहींत. २०२४ सालीं तिचे नवे नियम करण्यांत आले.

शेतकऱ्यास ग्राहक म्हणून दाद मागतां येते काय, अशी शंका कांहींजण घेतात. येते. सर्वोच्च न्यायालयानें २०१२ सालीं बियाण्याच्या एका प्रकरणांत, बियाणें विकत घेणारा शेतकरी हा ग्राहकच होय, असा निर्णय दिलेला आहे. राष्ट्रीय ग्राहक साहाय्य केंद्राचा दूरध्वनि क्रमांक १९१५ हा आहे, आणि जिल्हा ग्राहक आयोगाकडेही तक्रार करतां येते.

आतां आपली पिशवी

येथवर आम्ही दुसऱ्यांच्या बाटल्या तपासल्या. तेंच माप आपल्या पिशवीस लावणें भाग आहे.

वेष्टनांत भरून दुकानांतून विकल्या जाणाऱ्या धान्यावर ‘सेंद्रिय’ असें लिहावयाचें तर २०१७ च्या सेंद्रिय अन्न नियमांप्रमाणें प्रमाणपत्र लागतें. त्याचे दोन मार्ग आहेत. पहिला, राष्ट्रीय सेंद्रिय उत्पादन कार्यक्रमाचा. यांत मान्यताप्राप्त संस्था तपासणी करते व परदेशीं माल पाठविण्यासही तो चालतो. हंगामी पिकांच्या बाबतींत पेरणीपूर्वीं दोन वर्षें जमीन त्या नियमांप्रमाणें सांभाळावी लागते. दुसरा मार्ग, पीजीएस-इंडिया, म्हणजे सहभागी हमीची पद्धति. यांत एकाच भागांतील निदान पांच शेतकरी गट करून परस्परांच्या शेतांची तपासणी करतात व एकमेकांची हमी घेतात. बदलाच्या काळांतील मालास ‘पीजीएस ग्रीन’ व पूर्ण झालेल्यास ‘पीजीएस ऑर्गॅनिक’ अशी खूण मिळते. प्रमाणित मालावर ‘जैविक भारत’ हें चिन्ह असतें. छोट्या उत्पादकानें आपला माल थेट खाणाराच्या हातीं विकल्यास नियमांत सवलत आहे. परंतु त्यास तें चिन्ह वापरतां येत नाहीं, आणि दुकानदारामार्फत नागपुरास जाणाऱ्या मालास ती सवलत लागू नाहीं.

आमच्या धानपट्ट्यांत याहून एक अवघड अडचण आहे. कोरडवाहू शेतांत एकट्यानें निश्चय केला तर बऱ्याच अंशीं तो पाळतां येतो. धानाचें तसें नाहीं. पाणी बांधींतून बांधींत उतरतें. वरच्या शेजाऱ्यानें आज तणनाशक टाकलें तर उद्यां त्याचा अंश आपल्या बांधींत आहे. त्यामुळें येथें एकट्याचा ‘सेंद्रिय’ हा शब्द फार कच्चा ठरतो. ज्यांच्या बांध्यांना एकाच चारीचें पाणी लागतें, त्या सर्वांनीं मिळून गट केला तर तो शब्द टिकतो. सहभागी हमीची पद्धति आमच्या भागास विशेष सोयीची आहे असें आम्हांस वाटतें, तें खर्चाच्या दृष्टीनें तर आहेच, पण पाण्याच्या वाटेच्या दृष्टीनें अधिक आहे.

कोणी म्हणेल, एवढी चिकित्सा हवी कशाला? बाजारांत सर्वच लिहितात. यास उत्तर आमच्याच जिल्ह्यांत आहे. नागभीड तालुक्यांतील नांदेड या गांवचे दादाजी खोब्रागडे यांनीं १९८३ च्या सुमारास ‘पटेल ३’ या धानांत वेगळीं दिसलेलीं लोंबें जपून एक वाण निवडला. एका घड्याळाच्या नांवावरून त्यास ‘एचएमटी’ हें नांव पडलें. त्या तीन अक्षरांत तांदळाविषयीं कांहींही सांगितलेलें नाहीं. तरी दूरदूरच्या गिऱ्हाइकांनीं भात शिजवून पाहिला व त्या अक्षरांवर विश्वास ठेवला. नांवास किंमत आंतल्या दाण्यानें आली. उद्यां त्याच नांवाखालीं भलताच तांदूळ भरूं लागले तर ती किंमत जाण्यास दोन हंगामही पुरे होतील, आणि नुकसान सर्वांत जास्त खऱ्या पिकविणाराचें होईल. ‘सेंद्रिय’ या शब्दाचेंही तेंच आहे. प्रमाणपत्रासाठीं दोन वर्षें कमी उत्पन्न सोसणारा शेतकरी आणि एका दिवसांत हिरवी पिशवी छापणारा शेतकरी एकाच फळीवर उभे राहिले, तर पहिल्याचे कष्ट फुकट जातात.

चार प्रश्न

कोणताही हिरवा शब्द वाचतांना पुढील चार प्रश्न विचारावे, असें आम्ही सुचवितों.

१. हा दावा कशाचा आहे? सबंध मालाचा, त्यांतील एका द्रव्याचा, कीं केवळ वेष्टनाचा?

२. कोणासाठीं व कशाच्या तुलनेंत? उंदरास कमी बाधणारें पाण्यासही कमी बाधतें काय? भट्टींत कुजणारें उकिरड्यांतही कुजतें काय?

३. तपासणी कोणी केली? विकणारानें स्वतः, कीं कायद्यानें नेमलेल्या वा त्रयस्थ संस्थेनें?

४. पडताळतां येईल असा आंकडा आहे काय? नोंदणी-क्रमांक, टक्केवारी, जीवाणूंची संख्या, प्रमाणपत्राचा क्रमांक, तारीख?

चारही प्रश्नांस उत्तर मिळालें तर शब्द खरा मानण्यास हरकत नाहीं. एकासही मिळालें नाहीं तर तो शब्द रंगाचाच एक भाग समजून माल त्याच्या इतर गुणांवर घ्यावा किंवा सोडावा.

ज्यांच्या प्रश्नावरून हें लिहिलें, त्या गृहस्थांनीं आपली पिशवी या चार प्रश्नांस लावून पाहिली व ‘१०० टक्के सेंद्रिय’ हे शब्द स्वतःच खोडले. पिशवीवर आतां वाण, गांव, कापणीचा महिना, भरडण्याची तारीख व कायद्यानें लागणारे परवाना, वजन व किंमत हे तपशील आहेत. आणि खालीं एकच वाक्य आहे कीं, या पिकास शेणखत व युरिया दिलेला असून कीटकनाशकाची फवारणी अमुक तारखांस झाली. नागपूरच्या दुकानदारानें प्रथम नाक मुरडलें, भावही सेंद्रियाचा दिला नाहीं. तथापि बोडीच्या वरच्या अंगाचे आणखी चार शेतकरी त्यांच्याबरोबर बसले असून, येत्या रोवणीपासून पांचांचा गट करून पीजीएसची नोंदणी करण्याचें त्यांनीं ठरविलें आहे. तोंवर फवारणीनंतर धुरा फोडावयाचा नाहीं व मजुरास हातमोजे व मुखवटा दिल्याशिवाय पंप हातीं द्यावयाचा नाहीं, एवढें त्यांनीं आपसांत पक्कें केलें आहे.

आमच्या वाचकांनीं या हंगामांत कोणतेंही औषध वा खत घेतांना बिल अवश्य घ्यावें, घट क्रमांक त्यावर लिहवून घ्यावा, पत्रक उलगडून वाचावें, आणि पीक घरीं येईपर्यंत हे कागद जपून ठेवावे.